लोकेच्या मापाचं वल्हं

हर्मन कानेशिरोने मुलीसाठी उभ्याने वल्हवायची फळी घ्यायचं ठरवलं, हे त्याने बायकोखेरीज कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि बायकोलाही तिने तीनदा विचारलं म्हणून सांगितलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तो कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवायला बाहेर पडला, तेव्हा शेजारच्या एडमंड फेरेराने मधल्या बुटक्या भिंतीवर कोपरं टेकून विचारलंच, "मग, साडेदहा फुटी की अकरा?"

एडमंड अग्निशमन दलातून निवृत्त झाला त्याला सतरा वर्षं झाली. आगी विझवणं बंद झालं तेव्हापासून तो सल्ले देतो. आंब्याला खत कोणतं घालावं, गुडघ्याला तेल कोणतं चोळावं, जावयाशी किती बोलावं, कुठल्याही बाबतीत त्याचं मत तयार असतं आणि ते घरपोच मिळतं. हवाई बेटांतल्या एवा बीचमधली ती सगळी गल्ली त्याला काका म्हणते. हर्मन तेवढा नावाने हाक मारतो, कारण दोघांच्या वयात अकराच वर्षांचं अंतर आहे आणि एकसष्टाव्या वर्षी आपण काका लोकांत जमा झालो आहोत हे हर्मनला अजून मान्य नाही.

"अकराच्या खाली जाऊ नकोस," एडमंड म्हणाला. "साडेदहावर माणूस उभा राहतो, पण त्याचं मन उभं राहत नाही."

फळी लोकेसाठी होती. लोकेलानी ही हर्मन आणि वर्ना यांची एकुलती एक मुलगी. लास व्हेगसच्या एका इस्पितळात ती नर्स आहे, आणि तिला तिकडे जाऊन अकरा वर्षं झाली. गल्लीतल्या निम्म्या घरांची मुलं लास व्हेगसलाच आहेत. इथे बेटावर ज्यांना घर परवडत नाही, ती तिथे वाळवंटात घर करतात आणि दर रविवारी फोन करून आईला मासळीचा भाव विचारतात. लोके जुलैत नऊ दिवसांसाठी यायची होती, मावसबहिणीच्या बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला. पहिला वाढदिवस म्हणजे आमच्याकडे लग्नाहून मोठं कार्य. लग्नाला एखादा आला नाही तर चालतं, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला न येणाऱ्याचं नाव पुढली वीस वर्षं निघतं.

या नऊ दिवसांवर हर्मनचा डोळा होता. त्याने एक सिद्धांत मांडला होता. ज्या घरात आपली फळी असते ते घर माणूस सोडत नाही, आणि सोडलंच तर परत येतो. लोकेची लहानपणीची फळी वर्नाने चर्चच्या विक्रीत देऊन टाकली, आणि त्याच वर्षापासून लोकेचं "पुढच्या वर्षी बघू" सुरू झालं, एवढा एकच पुरावा त्याच्याकडे होता. तेहतीस वर्षं सरकारी परवाना खात्यात काढलेल्या माणसाला तेवढा पुरेसा वाटला.

खरं म्हणजे त्याला मुलीला "परत ये" एवढंच म्हणायचं होतं. पण फोनवर तो हवेची चौकशी करी, गाडीचं तेल बदललंस का विचारी, आणि फोन वर्नाच्या हातात देऊन बाहेर झाडांना पाणी घालायला जाई. झाडांना पाणी आधीच घातलेलं असे. तेव्हा दोन शब्द बोलण्यापेक्षा साडेदहा फुटांची वस्तू विकत घेणं त्याला सोपं वाटलं.

दुकान सेफोचं. सेफो हा समोअन गृहस्थ अंगाने दरवाजाएवढा आहे आणि बोलतो मात्र देवळात बोलल्यासारखा हळू. हर्मनने त्याला सांगितलं, की मुलीसाठी एक फळी हवी आहे, चांगली, आणि तिची बांधाबांध करून द्या. सेफोने एक कागद पुढे ओढला आणि हळू आवाजात विचारलं, "वजन किती, काका?"

काका हा शब्द हर्मनला झोंबला, पण त्याहून जास्त प्रश्न झोंबला. मुलीचं वजन त्याला माहीत नव्हतं. त्याने दुकानातूनच वर्नाला फोन लावला आणि जरा विचारून घे म्हणाला. वर्नाने उत्तर दिलं, की तिने या घरात चाळीस वर्षं सुखाने काढली आहेत आणि तेहतीस वर्षांच्या मुलीला वजन विचारून तिला ती संपवायची नाहीत. मग हर्मनने अंदाजाने एक आकडा सांगितला. सेफोने तो लिहिला आणि त्यावरून फळी किती लिटरची लागेल ते काढलं. फळी लिटरवर मोजतात हे हर्मनला नवीन होतं. त्याच्या तरुणपणी फळी पाण्यावर तरंगली की झालं, आत किती पाणी मावेल याची चौकशी कुणी करत नसे.

पुढे प्रश्नांची रांगच लागली. लाटांसाठी हवी की सपाट पाण्यासाठी? लाटांसाठी. मग बुडाला एक मोठा पंख लावायचा की मोठ्याच्या दोन बाजूंना दोन लहान? पायाला बांधायची दोरी सरळ की गुंडाळीची, आणि ती घोट्याला बांधायची की गुडघ्याखाली? उभी राहते तेव्हा डावा पाय पुढे की उजवा? या शेवटच्या प्रश्नावर हर्मनची छाती फुगली. "उजवा," तो म्हणाला. "चार वर्षांची असल्यापासून उजवा. माझ्या फळीवर माझ्या पुढ्यात उभी राहायची." सेफोने मान हलवली आणि कागदावर काहीच लिहिलं नाही, कारण खरेदीच्या दृष्टीने त्या माहितीचा उपयोग नव्हता.

घरी आल्यावर एडमंडने तो कागद भिंतीवर पसरून तपासला आणि प्रत्येक ओळीवर हरकत घेतली. एक पंख पुरे, तीन पंख लागतात ते गर्विष्ठ लोकांना. दोरी घोट्याला बांधली तर घोटा जातो, गुडघ्याखाली बांधली तर गुडघा जातो, त्यातल्या त्यात घोटा बरा, कारण घोटे माणसाला कमी लागतात. हर्मनने पुन्हा दुकान गाठून सेफोला हे सगळं सांगितलं. सेफोने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि एडमंडकाका स्वतः शेवटचे पाण्यात कधी उतरले होते, एवढंच विचारलं. त्यानंतर तिढा सुटला तो हर्मनने प्रत्येकाला त्याचंच ऐकलं असं सांगून.

फळी उचलायचा पट्टा तेवढा दुकानात नव्हता. तो मुख्य भूमीवरच्या एका कंपनीच्या संकेतस्थळावर मिळाला. "संपूर्ण अमेरिकेत मोफत घरपोच" असं वर ठळक लिहिलं होतं आणि त्यावर मुंगीएवढी चांदणी होती. पानाच्या तळाशी त्या चांदणीचा अर्थ दिला होता: हवाई आणि अलास्का वगळून. हर्मन सहसा चिडत नाही, पण या चांदणीवर त्याने दोन पानी पत्र लिहिलं. त्यात आपण पन्नासावं राज्य होऊन साठ वर्षं उलटली हे मुद्दा क्रमांक एक म्हणून घातलं. कंपनीचं उत्तर आलं, की आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत, परंतु आम्ही परदेशात माल पाठवत नाही. शेवटी वर्नाच्या कॅलिफोर्नियातल्या बहिणीने पट्टा स्वतःच्या पत्त्यावर मागवून अक्रोडांच्या खोक्यातून पाठवला. अक्रोड कुणी मागितले नव्हते.

याच शोधात हर्मनला तटरक्षक दलाचा नियम सापडला. फळी लाटांच्या आत असेपर्यंत ती खेळणं असते, आणि फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे गेली की ती कायद्याने जहाज होते. जहाजावर लाइफ जॅकेट आणि शिट्टी असलीच पाहिजे. हा नियम वाचून हर्मनला फार बरं वाटलं. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांना परवाने दिले होते, त्याला स्वतःला कुणी जहाज दिलं नव्हतं. त्याने शिट्टी आणली आणि जेवणाच्या टेबलाशी वर्नाला समजावून सांगितलं, की अमुक एका अंतरापुढे तो कप्तान असेल.

"बरं कप्तान," वर्ना म्हणाली, "तोपर्यंत ताटं उचल."

फळी घरी आली तेव्हा ती ठेवायची कुठे हा प्रश्न निघाला. गॅरेजमध्ये गाडीसुद्धा मावत नाही. तिथे एक मोडका फ्रीज, लोकेच्या शाळेच्या वह्या आणि कधीतरी लागतील म्हणून जपलेल्या वस्तू राहतात. म्हणून एडमंडने आपल्या दलातल्या गाठी मारून फळी दोराने वरच्या बाल्कनीत चढवली. सगळी गल्ली बघायला जमली होती आणि प्रत्येकाने दोराला हात लावला. तासाभरात सोसायटीच्या सेक्रेटरी डोरीन बाल्टाझार यांचं पत्र दारात पडलं. नियम चौदाप्रमाणे रस्त्यावरून दिसणाऱ्या बाल्कनीत दोन खुर्च्या आणि कुंड्यांतली झाडं यांखेरीज काहीही ठेवता येत नाही.

हर्मनने सवलतीसाठी अर्ज केला. तो परत आला, कारण बाल्कनीचा आराखडा जोडलेला नव्हता. आराखडा जोडून केलेला अर्ज परत आला, कारण सही निळ्या शाईने केली होती. दुसऱ्या अर्जाच्या वेळी हर्मनची फार पंचाईत झाली. संताप तर आला होता, पण तेहतीस वर्षांत निळ्या शाईचे अर्ज त्याने स्वतः किती परत पाठवले होते त्याला गणती नव्हती, आणि डोरीनबाईंच्या जागी असता तर त्यानेही हेच केलं असतं. मनातल्या मनात त्याने त्यांना शाबासकी दिली आणि उघडपणे तीन दिवस त्यांच्याकडे बघितलं नाही.

फळी मग दिवाणखान्यात आली. सोफ्याच्या पाठीवरून ती तिरकी टीव्हीपर्यंत जाई, त्यामुळे बातम्या देणाऱ्याचं अर्धंच तोंड दिसे. वाढदिवसाच्या तयारीला वर्नाच्या बहिणी आल्या, तेव्हा त्यांनी फळी आडवी करून दोन खुर्च्यांवर ठेवली, तिच्यावर वर्तमानपत्र अंथरलं आणि ओळीने बसून पाहुण्यांना द्यायच्या पुड्या बांधायला घेतल्या. हर्मन कामावरून आला तर फळीवर शेवयांचं मोठं पातेलं, सोया सॉसची बाटली आणि मेहुणीचा चष्मा. तो म्हणाला, की ही खेळाची वस्तू आहे. मेहुणी म्हणाली, "छानच आहे, दरवर्षी काढत जा." तो बाल्कनीत जाऊन नियमातल्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसून राहिला.

आता वल्ह्याचं. वल्हं सगळ्यात महत्त्वाचं असतं असं सेफो पहिल्या दिवसापासून सांगत होता. चांगलं वल्हं लांबच लांब येतं, आणि ज्याचं त्याच्या मापाने वरून कापून मग मूठ चिकटवतात. मापही सोपं. माणूस ताठ उभा करायचा, त्याच्या डोक्यावर एक वीत धरायची, तेवढी लांबी. लाटांसाठी हवं असेल तर चार बोटं कमी. "पण माणूस समोर पाहिजे," सेफो म्हणाला. "कापलेलं वल्हं परत वाढत नाही. मुलीला घेऊन या."

हर्मनने सांगितलं, की मुलीला आणता आलं असतं तर वल्हं घ्यायची वेळच आली नसती.

"मग उंची सांगा."

उंचीबद्दल घरात दोन मतं होती. वर्ना म्हणे पाच फूट पाच इंच, कारण शाळेच्या दाखल्यावर तसं होतं. एडमंड म्हणे पाच-सहा, कारण ती त्याच्या आंब्याच्या खालच्या फांदीला डोकं आपटून घेई. हर्मनला दोन्ही मान्य नव्हतं. दाखले काय असतात हे तो जाणून होता, आणि फांदी दरवर्षी वाढते. त्याच्याजवळ याहून पक्कं माप होतं. दुकानाच्या मधोमध, गिऱ्हाइकांदेखत, तो ताठ उभा राहिला, दोन्ही हात पुढे करून त्याने कुणाला तरी जवळ घेतल्यासारखे गोल केले, आणि डोळे मिटले. मग एक हात सोडवून आपल्या हनुवटीखाली आडवा धरला.

"इथे," तो म्हणाला. "तिचं डोकं बरोबर इथे येतं."

"नक्की?"

"अकरा वर्षं दर वेळी इथेच येतं."

सेफोने जमिनीपासून हनुवटीपर्यंत फीत लावली, वर वीत धरली, चार बोटं वजा केली आणि करवत घेतली. हर्मनने डोळे उघडले तेव्हा त्याचा दुसरा हात अजून तसाच गोल होता. दुकानातल्या एका बाईने तोंड फिरवून उगीचच टोप्या बघायला सुरुवात केली. वल्ह्याचा कापलेला तुकडा सेफोने त्याला आठवण म्हणून देऊ केला, पण त्याने तो घेतला नाही.

लोके यायच्या आधी फळी एकदा पाण्यात घालून बघायला हवी होती. हर्मनने शनिवारी पहाटे कुणी नसताना जायचं ठरवलं. पण पहाटे समुद्रावर कुणी नसतं ही त्याची आठवण गेल्या शतकातली होती. किनारा भरलेला होता. पहिल्या प्रयत्नात तो फळीच्या डाव्या बाजूने पडला. दुसऱ्यांदा उजव्या. तिसऱ्यांदा त्याचे दोन्ही गुडघे फळीवर आले, तो क्षणभर उभा राहिला, आणि फळी पुढे निघून गेली, तो मागे राहिला. नाकातोंडातलं पाणी काढत वर आला, तर समोरून डोरीन बाल्टाझार येत होत्या. पंचाहत्तर वर्षांच्या डोरीनबाई रुंद कडांची टोपी घालून, फळीच्या टोकावर कुत्रा बसवून, अंगणात झाडू मारावा तितक्या सहज वल्हवत होत्या.

"हर्मन," त्या म्हणाल्या, "वल्हं उलटं धरलंयस तू. पात्याचा बाक पुढे यायला हवा."

त्याने वल्हं फिरवलं आणि आभार मानले. छातीएवढ्या पाण्यात उभं राहून सरकारी नोकराला जेवढ्या रुबाबात आभार मानता येतात तेवढ्या रुबाबात मानले.

"आणि काळ्या शाईतला अर्ज अजून आला नाही," म्हणून डोरीनबाई पुढे गेल्या. कुत्र्याने मात्र वळून बघितलं.

त्यानंतर सलग तीन आठवडे हर्मन शनिवार-रविवार पाण्यात जात राहिला. त्याला पाण्याची ओढ होती असं नाही, ती गुडघ्यांबरोबर गेली होती. पण लोके फळीवर उभी राहील तेव्हा आपण किनाऱ्यावर तिच्या चपला सांभाळत बसायचं, हे त्याला सोसणार नव्हतं. एडमंडने गच्चीखालची आपली जुनी बारा फुटी फळी आणि वल्हं त्याला उसनं दिलं. ती इतकी रुंद होती की तिच्यावरून पडायला मुद्दाम प्रयत्न करावा लागे, आणि हर्मनला सुरुवातीला तेही जमलं. शेवटच्या रविवारी तो लाटांच्या पलीकडे जाऊन दहा मिनिटं उभा राहिला. कप्तान झाल्याची शिट्टी वाजवायची त्याला फार इच्छा झाली, पण डोरीनबाई जवळच होत्या.

लोके आली त्या दिवशी विमानतळावर गाड्यांची ही गर्दी. वर्ना गाडी घेऊन गोल गोल फिरत राहिली आणि चाफ्याचे हारही गाडीतच राहिले. दर वेळी असं होत नसे. दर वेळी वर्ना आधी पुढे होई, मुलीच्या गळ्यात हार घाली, मावश्या हार घालीत, आणि मग शेवटी हर्मनचा नंबर लागे. या खेपेला तो एकटाच उभा होता. लोके दारातून आली, पिशव्या खाली टाकल्या आणि सरळ त्याच्या गळ्यात पडली.

तिचा गाल त्याच्या गालाला लागला. हनुवटीखाली काहीच आलं नाही.

हर्मन तसाच उभा राहिला. मुलगी जवळजवळ त्याच्या उंचीची होती. मग त्याच्या लक्षात आलं. हार घालून घेताना माणूस मान झुकवतो, आणि सहा-सात हार पडले की फुलं चुरगळू नयेत म्हणून तसाच वाकून मिठी मारतो. अकरा वर्षांत त्याने मुलीला जवळ घेतलं होतं ते येताना आणि जाताना, विमानतळावर, हारांच्या ओझ्याखाली वाकलेली असताना. ताठ उभी असलेली आपली मुलगी केवढी आहे, हे त्याला माहीतच नव्हतं. वल्ह्याची आठवण त्याला नंतर झाली.

"काय झालं बाबा?" लोकेने विचारलं.

"काही नाही. गाडीचं तेल बदललंस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे किनाऱ्यावर गेले. लोकेने फळी बघितली, तिच्या कडेवरून हात फिरवला, आणि बापाकडे न बघता दोनदा म्हणाली, "माझ्यासाठी?" एडमंडने घडीची खुर्ची मांडून वारा कुठून आहे ते जाहीर केलं, आणि वर्नाने त्याच्या तोंडाला काम द्यायला स्पॅम-भाताचा, म्हणजे डबाबंद मांस आणि भाताचा, डबा उघडला. मग लोकेने वल्हं हातात घेतलं. ते वाळूत उभं धरून तिने सवयीने हात वर केला. वल्हं तिच्या कपाळाच्या जरा वरच संपत होतं.

"आखूड झालं," हर्मन म्हणाला. "माझी चूक."

"लाटांसाठी आखूडच बरं असतं, बाबा. आणि काय हलकं आहे." एवढं बोलून ती पाण्यात शिरली.

हर्मन एडमंडच्या बारा फुटीवर तिच्यामागून निघाला. ती जरा वाकून वल्हवत होती, पण लांब, सारखे, न चुकता हात मारत होती. वल्ह्याचा बाक पुढे होता. असे हात कुणी पहिल्या दिवशी मारत नाही, हे तीन आठवड्यांच्या अनुभवाने हर्मनला आता कळत होतं. लाटांच्या पलीकडे गेल्यावर ती थांबली, तो धापा टाकत जवळ आला, आणि त्याने विचारलं, हे कुठे शिकलीस.

"तिथे तलाव आहे ना, बाबा. दर रविवारी जातो. इथलेच आठ जण आहोत आम्ही. भात नेतो, मासा मिळाला तर मासा. पाण्याच्या मध्यावर जाऊन उभे राहतो आणि इथल्या गप्पा मारतो." ती थांबली. "माझी फळी आहे तिथे. गॅरेजात भिंतीला टांगलेली असते."

हर्मनने सिद्धांत मांडला होता तो असा भिंतीला टांगला गेला. फळ्या शेजारी शेजारी हलत होत्या.

"गॅरेज कुणाचं?" त्याने विचारलं. परवाना खात्यात इतकी वर्षं काढली की माणसाला नेमका प्रश्न विचारता येतो.

"माझं. घर घेतलं मी, बाबा. मार्चमध्ये. फोनवर सांगायचं नव्हतं, म्हणून थांबले. तीन खोल्या आहेत. एक तुमची दोघांची."

हर्मनने किनाऱ्याकडे बघितलं. वर्ना डबा बंद करत होती आणि एडमंड हातवारे करून काहीतरी सल्ला देत होता, इतक्या लांबून तो ऐकू येत नव्हता. चांगलं घर आहे का, छप्पर कसलं आहे, पाण्याचा नळ गळत नाही ना, असे बरेच प्रश्न त्याच्या तोंडाशी आले. ते त्याने गिळले.

"मला वाटत होतं तू परत येशील," तो म्हणाला.

लोकेने वल्हं फळीवर आडवं धरलं. तिचे डोळे भरले होते, आणि ते तिने पुसले नाहीत.

"मलाही वाटत होतं, बाबा."

पाणी वर झालं आणि खाली गेलं. मग लोके म्हणाली, की तलावात लाटा नसतात, अकरा वर्षांत ती एकाही लाटेवर उभी राहिलेली नाही, आणि आता तिला भीती वाटते आहे. हे तिने हसत सांगितलं, पण पाय फळीवर घट्ट रोवलेले होते. हर्मनने समुद्राकडे तोंड केलं. लाट कुठली घ्यायची आणि कुठली सोडायची हे पाठ झालेलं असतं, ते गुडघ्यांत नसतं. एक लाट त्याने जाऊ दिली. दुसरी दिसायला मोठी होती, तीही नको म्हणाला. तिसरी लांबून गोल पाठीने येत होती.

"ही घे," तो म्हणाला. "वळ. तिकडे बघ. हात मार, अजून मार. बघू नकोस मागे."

ती वळली, चार-पाच हात मारले, आणि लाटेने तिला उचललं. हर्मनच्या फळीखालून ती लाट पुढे गेली तेव्हा तो डगमगला, गुडघ्यांवर बसला, पण पडला नाही. लाटेच्या मागे राहिलेल्या माणसाला पुढचं काही दिसत नाही. पाण्याची पाठ तेवढी दिसते. लोकेचं डोकं एकदा वर आलं, मग अर्धंच आलं, मग तेही दिसेनासं झालं. लाट किनाऱ्याकडे जात राहिली आणि तिचा आवाज उलट्या बाजूने आला. हर्मन गुडघ्यांवर बसून वाट बघत राहिला.

बऱ्याच वेळाने, अगदी किनाऱ्याजवळ, फेसातून ती उभी राहिली. कमरेएवढ्या पाण्यात, ओले केस तोंडावर, एक हात उंच केलेला. वाऱ्यावरून तिची हाक आली.

"बाबा, पाहिलंस का?"

हर्मन फळीवर उभा राहिला. त्याने काहीही पाहिलं नव्हतं.

"पाहिलं," तो जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडला. "सगळं पाहिलं."